पहिला घोट भरणाऱ्याचा

"वाका. अजून. हनुवटी छातीला लावा," देल्फीना म्हणाली आणि स्टीलची वाटी तिने दोन्या आयदेच्या नाकाखाली धरली.

आयदे पलंगाच्या कडेला बसून वाकली. शेजारच्या पलंगावरच्या बाईनेसुद्धा हातातलं मासिक बाजूला ठेवलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग उजव्या नाकपुडीच्या टोकाशी एक थेंब जमला, फुगला, वाटीत पडला. त्याच्यामागून दुसरा. सर्दीचा असता तर चिकट असता, लोंबत राहिला असता. हा लोंबत नव्हता. हे मेंदूभोवतीचं पाणी होतं आणि ते पुन्हा गळत होतं.

"झालं!" देल्फीना पुटपुटली.

"पडलं का गं?" आयदेने वाकूनच विचारलं.

"पडलं."

"मग उठू का? की नळ दुरुस्त होईपर्यंत अशीच ठेवणार आहेस मला?"

पलंगाच्या पायथ्याशी विभागप्रमुख डॉक्टर रिगेत्ती उभे होते. ते दोन पावलं पुढे आले, त्यांनी वाटीत बघितलं, आयदेकडे बघितलं नाही. "परत," ते देल्फीनाला म्हणाले. "आवरलं की माझ्या खोलीत ये."

आयदे स्कार्पोनी, जिला सगळे मानाने दोन्या म्हणायचे, गावातल्या आरोशितो भागात राहायची आणि घराच्याच पुढच्या खोलीत बायकांचे केस कापायची. समोरचं दिसायचं पण दोन्ही बाजूंचं दिसेनासं व्हायला लागलं, एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली, तेव्हा ती घाबरून डॉक्टरकडे आली. मेंदूच्या खाली, डोळ्यांच्या नसांना रेटून, एक गाठ वाढली होती. ती नाकातून दुर्बीण घालून काढली. गाठ नीट निघाली, तिथे कोणाचं काही चुकलं नाही. पण ती काढताना कवटीच्या तळाला भोक पडतं आणि ते बुजवावं लागतं. नाकाच्या मधल्या पडद्याचं ओलं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट सोडवायचं, मागे वळवायचं आणि भोकावर पसरायचं. डॉक्टर लोक त्याला फ्लॅप म्हणतात. रक्त चालू असतं म्हणून हे ठिगळ मरत नाही. चिकटतं आणि तिथलंच होऊन जातं.

जगभर करतात ही युक्ती. पण ती निघाली इथे, रोसारियोत, आणि तिचा इथल्या डॉक्टरांना भारी अभिमान. अशा गावात फ्लॅप गळला हे कोणाला तोंड वर करून सांगायची सोय नव्हती. देल्फीनाचा तर एकाच बाईच्या नाकात दोनदा गळला होता. पहिल्या ऑपरेशननंतर आठवड्यात पाणी सुरू झालं. दुसऱ्यांदा आत जाऊन तिने मांडीतली चरबी भरली, फ्लॅप उचलून पुन्हा बसवला, कडा चोहोबाजूंनी दाबल्या, आणि आता पुन्हा तेच. नाकाच्या डॉक्टरच्याच नाकी नऊ आले होते.

रिगेत्तींच्या खोलीत थर्मास होता, टेबलावर येर्बाच्या पानांचा चुरा सांडलेला होता आणि त्यांच्या हातात त्या चुऱ्याचा कडू काढा, माटे, प्यायचा छोटा पोकळ भोपळा होता. त्यांनी त्यात गरम पाणी ओतलं आणि भोपळा तिच्यासमोर धरला. रागावलेले असले तरी माटे द्यायचं त्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

"कड नीट बसवली होतीस?"

"बसवली होती. तुम्ही पडद्यावर बघत होतात."

"मी बघत होतो म्हणून काय झालं? हात तुझा होता."

देल्फीनाने भोपळ्यात खोचलेली बारीक नळी, बोंबिशा, तोंडात धरली. चांदीच्या बोंबिशातून कोमट, कडू पाणी आलं. ते गिळायला वेळ लागला आणि तो वेळ तिला बरा वाटला. नाहीतर ती काहीतरी बोलून बसली असती.

"काल मी पुन्हा दुर्बीण घालून बघितलं," ती म्हणाली. "फ्लॅप जिवंत आहे. गुलाबी आहे. फक्त खालची कड सुटलीय. मागच्या वेळीही तीच कड, तीच जागा. कोणीतरी खालून ओढल्यासारखी."

"कोण ओढेल? उंदीर?"

"मी चेष्टा करत नाहीये, डॉक्टर."

"मीही नाही. त्या बाईच्या मेंदूत जंतू गेले तर ती चार दिवसांत जाईल आणि मग मला हसू यायचं नाही." त्यांनी रिकामा भोपळा परत घेतला. "सोमवारी मी करतो. डोक्याची कातडी कान ते कान उघडू, कवटीवरचं आवरण मोठं सोडवून घेऊ आणि पुढून खाली सोडू. ते नाही सुटत. तू बरोबर उभी राहा."

"उभी राहू म्हणजे?"

"म्हणजे दुर्बीण धर."

दुर्बीण धर! शिकाऊ असताना तिने वर्षानुवर्षं दुसऱ्यांची दुर्बीण धरली होती. रिगेत्तींनी पुन्हा भोपळा भरला आणि पुढे केला.

"ग्रासियास," देल्फीना म्हणाली. एकदा आभार मानले की पुढचा माटे मिळत नाही, आणि तिला नकोच होता.

"एवढ्यात?"

"एवढ्यात."

दुपारभर ती दोन्ही ऑपरेशनांचं चित्रीकरण पुढे-मागे करत बसली. अस्तर सोडवताना फाटलं नव्हतं. रक्तवाहिनी पिळली गेली नव्हती. कड हाडावर टेकलेली स्पष्ट दिसत होती. मग सुटते कशी? तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग आपण हे काय करतोय असं वाटून तिने यंत्र बंद केलं आणि खुर्ची मागे ढकलली ती भिंतीवर आपटली.

शुक्रवारी सकाळी कान ते कान चिरेची बातमी सांगायला ती वॉर्डात गेली. लिफ्ट बंद होती, सफाई कामगारांचा संप होता, जिन्यात कचऱ्याच्या पिशव्या पडल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचं डोकं पुरतं फिरलं होतं.

आयदे उशांना टेकून बसली होती. थर्मास काखेत, भोपळा हातात. पहिल्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिने देल्फीनाला विचारलं होतं, घेतेस का गं एक? नको म्हणायला तोंड कोणाला असतं? तेव्हापासून रोजच सकाळी देल्फीना इथे दोन-तीन माटे घ्यायची आणि मग पुढच्या रुग्णांकडे जायची. आजही तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"तुझे केस कोणी कापले गं?" आयदेने डोळे बारीक केले. "खरं सांग. कोर्टात खेचायला पाहिजे त्या बाईला."

"मीच कापते. आरशात बघून."

"अगं बाई! आणि माझ्या डोक्यात सुरी घातलीस तू?"

देल्फीनाला हसू आलं नाही. बातमी कशी सांगावी हे सुचत नव्हतं, म्हणून तिने रोजचे प्रश्न सुरू केले.

"शिंकलात?"

"तोंड उघडं ठेवून, तू शिकवलंस तशी. ही शेजारची दचकून उठली. तिला वाटलं भूकंप."

"नाक शिंकरलं?"

"नाही."

"वाकलात? जड उचललं?"

"थर्मास उचलते. तो जड आहे का?"

"स्ट्रॉने काही प्यायलात?"

"मी काय वाढदिवसाला आलेली पोर आहे स्ट्रॉने प्यायला?" आयदे म्हणाली आणि भोपळ्यात पाणी ओतून तिने बोंबिशा तोंडात धरली.

पहिला माटे भरणाऱ्याचा असतो. कडूही असतो आणि बेचवही, म्हणून तो पाहुण्याला द्यायचा नाही, आपण संपवायचा आणि मग दुसरा भरून द्यायचा. ह्याला मूर्खाचा माटे म्हणतात, पण तो चुकवणारा माणूस फार कोता समजला जातो. देल्फीना हात पुढे करून आपल्या पाळीची वाट बघत होती. चुरा फार बारीक असावा, बोंबिशा तुंबली होती. आयदेने ओढलं. काही आलं नाही. तिने पुन्हा ओढलं, जोर लावून. तिचे गाल आत गेले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे बाहेर आले. मग एकदम गुळगुळ आवाज झाला, चुरा सुटला, आणि आयदेने दोनदा आवंढा गिळून नाकाखालून रुमाल फिरवला.

देल्फीनाचा हात पुढे केलेला तसाच राहिला.

"हे कधीपासून पिताय?"

"मी? आठ वर्षांची असल्यापासून. आजोबांनी लावलं."

"ऑपरेशननंतर! ऑपरेशननंतर कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून. तू इथेच तर बसली होतीस." आयदे गोंधळून म्हणाली. "तुला दिला की."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा दिला."

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला, स्ट्रॉने काही ओढायचं नाही म्हणून! आत सगळं ताजं आहे, ओढलं की सुटतं, शंभरदा सांगितलं!"

आयदेने हातातल्या बोंबिशाकडे बघितलं. सासूची होती, चांदीची, टोकाशी चपटी झालेली. तिने ती उलटसुलट करून बघितली.

"हा स्ट्रॉ आहे?" तिने विचारलं.

शेजारची बाई फिसकन हसली आणि मग देल्फीनाचा चेहरा बघून गप्प झाली.

खरंच, ह्याला स्ट्रॉ कोण म्हणतं? कोणीही नाही. देल्फीनाने परदेशी पुस्तकात वाचलेलं ते वाक्य पाठ करून शेकडो माणसांना ऐकवलं होतं. शिंकरू नका, वाकू नका, स्ट्रॉने पिऊ नका. स्ट्रॉ म्हणजे पोरांचं सरबत. बोंबिशा म्हणजे बोंबिशा. ऐकणाऱ्याच्या हातात भोपळा असायचा, कधी सांगणारीच्याही, आणि दोघांपैकी एकालाही काही वाटत नसे. तीही तोंडातून बोंबिशा काढून हेच विचारत आली होती, रोज, ह्याच खुर्चीत बसून. लाजेने तिचे कान तापले. आणि लाज वाटली की देल्फीनाला राग यायचा, हा तिचा जुनाच स्वभाव होता.

तिने भोपळा आयदेच्या हातातून काढून घेतला. थर्मास घेतला, येर्बाचं पाकीट घेतलं.

"सोमवारी तुमचं डोकं कान ते कान उघडणार होते! ह्या कानापासून त्या कानापर्यंत! कशासाठी? ह्या पाल्यासाठी! ह्या चुऱ्यासाठी!"

आयदेचा हात नकळत आपल्या पांढऱ्या, नीट विंचरलेल्या केसांकडे गेला.

"तूही प्यायलीस," ती हळू आवाजात म्हणाली.

सगळं सामान छातीशी धरून देल्फीना बाहेर पडली, आणि जिन्यात तिच्या लक्षात आलं की भोपळ्यातलं पाणी तिच्या पांढऱ्या कोटावर सांडतंय.

रिगेत्तींनी आधी ऐकून घेतलं आणि मग ते मनापासून हसले.

"माटे? अगं, मग अख्खं रोसारियो गळायला पाहिजे. सगळे पितात. आज टेबलावरून उतरवलेला माणूस उद्या सकाळी पितो. मी वीस वर्षं बघतोय."

"आणि जे गळाले? त्यांना कोणी विचारलं?"

"काय विचारायचं? माटे पिता का? रोसारियोतल्या माणसाला?"

"किती जोरात ओढता ते. बोंबिशा तुंबते का ते. खालचीच कड का सुटते ते!" तिचा आवाज चढला. "तुम्ही विचारलंत कधी? मी नाही विचारलं. मी तिच्याबरोबर बसून पीत होते!"

रिगेत्तींच्या हातात नेहमीप्रमाणे भोपळा होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग तो टेबलावर ठेवला.

"तुला माटेच हवाय," ते म्हणाले. "कारण माटे असेल तर तुझा हात निर्दोष सुटतो."

हे ते वाईट बोलले. वाईट अशासाठी की ते खरं होतं. बाई बरी व्हावी हे तर होतंच, पण आपला हात खोटा ठरू नये हेही होतं, आणि सकाळपासून देल्फीनाच्या मनात कितीदा तरी दुसरंच आधी आलं होतं. तिने मान खाली घातली नाही.

"सोमवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "फक्त माटे बंद. बाकी काही करत नाही."

"बाकी काही करत नाही म्हणजे? कमरेतून निचरा घाल. आतलं पाणी तिकडून थोडं थोडं निघू दे, वरचा दाब कमी होईल."

"निचरा घातला तर माटेमुळे होतं की नाही ते कळणार कसं?"

"मला माटेचं कळून घ्यायचंच नाही," रिगेत्ती म्हणाले. "मला ती बाई कोरडी हवी आहे. सोमवारी सकाळी वाटी धर. थेंब पडला तर कान ते कान, आणि दुर्बीण तू धरशील."

म्हातारा चूक नव्हता, हाच तर सगळ्यात मोठा वैताग होता.

त्याच संध्याकाळी देल्फीनाने आयदेच्या कमरेत निचऱ्याची बारीक नळी घातली. आयदे कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि तिने सुई टोचतानाही हूं की चूं केलं नाही. शनिवारी देल्फीना तीनदा आली. शेजारच्या बाईला दम भरला, नर्सला दम भरला, आयदेच्या बहिणीने आणलेल्या पिशवीत हात घालून बघितलं. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून विचारलं, "प्यायलात का काही?"

"पाणी. पेल्यातून."

"डोकं दुखतंय?"

"माटे नसल्यावर दुखणारच."

"मान वळवताना दुखतेय का? ताप? उजेड खुपतोय?"

"नाही."

"ठीक आहे."

"घाई आहे का तुला?"

"आहे," देल्फीना म्हणाली. घाई नव्हती. पण त्या बाईसमोर टेकलं की आपलीच लाज समोर येऊन बसेल असं तिला वाटत होतं.

रविवारी गावात सामना होता. दुपारपासून रस्त्यावर भोंगे वाजत होते आणि वॉर्डातल्या निम्म्या पलंगांवर रेडिओ कानाला लावलेले होते. देल्फीनाची सुट्टी होती, तरी ती आली. निचऱ्याच्या पिशवीतलं पाणी बघितलं, संध्याकाळी नळी बंद करायला सांगितली, आयदेच्या नाकाखाली कोरडा कापूस धरून बघितला. कापूस कोरडाच राहिला. आडवं असताना त्याला काही अर्थ नाही, हे तिने स्वतःला बजावलं. आयदे छताकडे बघत पडली होती. केसांबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

सोमवारी सकाळी ऑपरेशनची खोली तयार होती. रिगेत्ती हिरवे कपडे घालूनच वॉर्डात आले. देल्फीनाने वाटी धरली.

"वाका. अजून."

आयदे वाकली. शेजारची बाई पलंगावर उठून बसली. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं म्हणून नर्स आपल्या मनगटाकडे बघत होती. नाकपुडीच्या टोकाशी काही जमत नव्हतं. एकदा जमल्यासारखं वाटलं, पण तो नुसता उजेड होता.

"जोर करा. कुंथल्यासारखं. हळूच."

आयदेने जोर केला. तिचा चेहरा लाल झाला. वाटी रिकामीच.

"अजून थोडा वेळ," रिगेत्ती म्हणाले. ते खाली बसून आयदेच्या नाकाकडे बघत राहिले. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठले. "बस झालं. उठवा तिला."

"कोरडं आहे," देल्फीना म्हणाली.

"दिसतंय मला." त्यांनी डोक्यावरची हिरवी टोपी काढली. "निचऱ्याने काम केलं."

"निचऱ्याने?"

"मग कशाने? आणि हे बघ, ते माटेचं बाहेर कुठे बोलू नकोस. कॉर्दोबाचे डॉक्टर हसून लोळतील." दारात जाऊन ते थांबले. "हात चांगला आहे तुझा. ऑपरेशनच्या खोलीत दुसरा रुग्ण घेतोय, तू कर. ये लवकर."

निचऱ्याने! डोंबल निचऱ्याने! आता हे आयुष्यभर असंच राहणार. कोणी विचारलं तर निचरा, आणि हात चांगला, आणि विषय संपला. देल्फीनाने वाटी ट्रेमध्ये आपटली. तरीही वाटी कोरडी होती, आणि तो आनंद रागाला ढकलून वर यायला लागला. तिने नर्सला नळी काढायचं सामान आणायला पाठवलं आणि आयदेकडे वळली.

"बघितलंत? एवढंच होतं! नुसतं ओढायचं नव्हतं. आता डोकं उघडायचं नाही, काही नाही. आठवड्यात घरी."

आयदेने मान हलवली. तिचा चेहरा अजून लाल होता, पण खुलला नव्हता.

"म्हणजे आता तू यायची नाहीस."

"येईन की. बुधवारी बघेन एकदा."

"मला माहीत होतं," आयदे म्हणाली.

"काय?"

"माटे ओढला की मागून खारट उतरायचं घशात. पहिल्या दिवसापासून. न ओढता नाही उतरायचं. मला काय कळत नाही?"

देल्फीनाला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग आलं.

"आणि सांगितलं नाहीत? दोन्या आयदे, दोन्ही वेळा? मरायला टेकला होतात! माझे दिवस कसे गेले माहीत आहे? मी माझ्या हातांना शिव्या देत बसले होते!"

"ओरडू नकोस."

"ओरडू नको तर काय करू? का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

"अर्थात बंद केलं असतं!"

"मग तू बसली नसतीस," आयदे म्हणाली. "बाकीचे येतात ते पायाशी उभे राहतात, आपापसात बोलतात आणि जातात. तू माटेसाठी तरी टेकायचीस. शुक्रवारपासून टेकलीस का एकदा तरी?"

देल्फीना पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, लोखंडी दांड्यावर हात ठेवून, जिथे रिगेत्ती उभे राहायचे तिथेच.

"उभ्या माणसाला काही विचारता येत नाही गं. रोज ठरवायचे, आज विचारीन. आज नक्की. मग तुझ्या त्या केसांचंच काहीतरी निघायचं आणि तू उठून जायचीस."

"काय विचारायचं होतं?"

"सगळे येतात ते नाकात बघतात," आयदे म्हणाली. "तूही."

तिने उजवा हात कानाच्या बाजूला नेला आणि समोर बघत बोटं हलवली. डोळ्यांचे डॉक्टर करतात तशी. मग हात हळूहळू पुढे आणायला लागली. देल्फीना त्या हाताकडे बघत राहिली. कुठे थांबायला हवा होता हे तिला ठाऊक होतं. हात तिथून पुढे आला, गालाच्या पुढे आला, आणि जवळजवळ डोळ्यासमोर आल्यावर, आयदेला दिसला तेव्हा, थांबला. आयदेने तो खाली घेतला आणि चादरीवर ठेवला.

बाहेरून रिगेत्तींची हाक आली. मग पुन्हा आली.

"विचारा," देल्फीना म्हणाली.

"आधी बस," आयदे म्हणाली.